काठ अळूसाठी सोडा

गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत ऋषीची भाजी शिजते. तिचा नियम जुना आहे. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य नको, मोटेच्या पाण्यावर वाढलेलं नको. मग उरतं ते परसातलं, कुंपणावरचं आणि ओढ्याकाठचं: पडवळ, दोडका, भोपळा, माठ, सुरणाचा तुकडा, मक्याचं कणीस आणि या सगळ्यांना एकजीव करणारं अळू. घरोघरी यादी थोडी बदलते. अळू मात्र सहसा सुटत नाही.

वर्षातून एक दिवस नांगर न लागलेल्या जमिनीवरचं जेवायचं, तर तशी जमीन गावात शिल्लक असावी लागते. बारामती तालुक्यात सोमेश्वरनगरच्या आसपास, करंजे, निंबुत, मुरुम, वाणेवाडी, वाघळवाडीच्या शिवारात ती शोधायला निघालं तर फार काही हाती लागत नाही. ऊस बांधाला भिडलेला असतो, आणि बांधही आता वीतभर उरलेला असतो. नांगराबाहेर राहिली आहे ती फक्त पाण्याकडेची पट्टी. नीरा डाव्या कालव्याच्या भरावाचा उतार, चाऱ्यांच्या कडा, शिवारातून वाहणारे ओढे आणि दक्षिणेला नीरा नदीचा काठ. सरकारी कागदावर या पट्टीला पीक नाही, उत्पन्न नाही, म्हणून ती रिकामी समजली जाते. ती रिकामी नाही. तिथे अळू आहे, आणि अळूच्या आडोशाने बरंच काही आहे. ही पट्टी तशीच राहू द्यायला हवी, आणि ते ठरवून, लिहून, अंदाजपत्रकात ओळ घालून व्हायला हवं.

अळू सुरणाच्या कुळातलं. भारतीय उपखंडापासून आग्नेय आशियापर्यंतच्या ओल्या, सावलीच्या जागा हे त्याचं मूळ घर. सह्याद्रीत पहिल्या पावसानंतर ओढ्यांच्या कडेला जे रानअळू उगवतं, त्याला कोकणात आणि गोव्यात तेरं म्हणतात. ते कुणी लावलेलं नसतं. जमिनीखालचा कंद उन्हाळा काढतो, मृगात कोंब वर येतो, आणि त्याला फुटणारी पिल्लं दरवर्षी थोडी थोडी जागा व्यापत जातात. बी धरण्याची त्याला फारशी गरज पडत नाही. म्हणजे काठावर दिसणारा अळूचा एखादा जुना गठ्ठा हा बहुधा एकाच कंदाचा वर्षानुवर्षांचा विस्तार असतो. तो उपटला की नव्या बियाण्यातून तसाच पुन्हा मिळेल, असं नाही.

त्याच्या पानावर पाणी टिकत नाही, हे लहान मुलालाही माहीत असतं. त्याचं कारण पानाच्या पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म उंचवट्यांत आणि मेणाच्या थरात आहे. थेंब पानाला चिकटत नाही. तो घरंगळतो आणि जाताना धूळ, बुरशीचे कण सोबत नेतो. विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस या जर्मन शास्त्रज्ञांनी 1997 मध्ये कमळाच्या पानाचा हा गुण उलगडला, तेव्हा त्यांनी अभ्यासलेल्या वनस्पतींत अळूही होतं. सतत दमट सावलीत राहणाऱ्या झाडाला पान कोरडं आणि स्वच्छ ठेवण्याची ही सोय लागतेच.

आता प्रश्न असा, की पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या तालुक्यात सावलीतल्या ओलाव्याचं हे झाड एवढं रुळलं कसं? बारामती हा पर्जन्यछायेतला मुलूख. उत्तरेला सुप्याकडे गेलं की माळरान लागतं, चिंकारांचं मयूरेश्वर अभयारण्य लागतं. तिथे अळू शोधून सापडणार नाही. नीरेच्या खोऱ्यात ते आहे, कारण तिथे पाणी आणलं गेलं. 1876-77 च्या दुष्काळाने दख्खनला हादरवल्यानंतर नीरेच्या कालव्याचं काम हाती घेतलं गेलं. भोर संस्थानात येळवंडी नदीवर भाटघरला धरण झालं, वीरला नीरेवर बंधारा झाला, आणि 1880 च्या दशकात डाव्या कालव्याचं पाणी पुरंदर, बारामती करत इंदापूरकडे वाहू लागलं. भाटघरचं पहिलं धरण अपुरं पडलं, तेव्हा 1920 च्या दशकात त्याच्या जागी मोठं धरण आलं. पुढे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि सोमेश्वराच्या जुन्या देवळाच्या नावाने कारखान्याभोवती एक नवं नगरच वसलं.

मातीचा कालवा पाझरतो. त्या पाझराने भरावाच्या पायथ्याशी बारमाही ओल राहिली. तिथे जांभूळ, उंबर, करंज, बाभूळ अशी झाडं वाढली, त्यांच्या सावलीत गवत, माका, ब्राह्मी आणि अळू आलं. काही कंद ओढ्याच्या पाण्याबरोबर आले असतील, काही लग्न होऊन आलेल्या बायकांनी माहेरहून आणून न्हाणीच्या पाण्यावर लावले आणि तिथून ते पाटाकडेला गेले. रान आणि परस यांच्या मधली ही जागा. माणसाने पाणी आणलं आणि नकळत शंभर-सव्वाशे वर्षांत एक लांबलचक ओली किनार तयार झाली. निसर्गाची म्हणून जी जागा आपण राखतो, त्यात ही किनार मोजली जात नाही, कारण ती माणसाच्या कामातून आली. हा भेद चुकीचा आहे. बेडूक, चतुर, खंड्या, पांढऱ्या छातीची पाणकोंबडी यांना कालवा कुणी बांधला याच्याशी देणंघेणं नाही.

पाझराची दुसरी बाजूही सांगायला हवी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तेव्हाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी 1910 मध्येच नीरेच्या खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर पुस्तिका लिहिली होती. कालवा येऊन पुरती तीस वर्षंही झाली नव्हती, तोवर जमिनी उपळू लागल्या होत्या, मीठ वर येत होतं. आज चोपण झालेल्या रानाचं दुःख ज्या शेतकऱ्याच्या वाट्याला आलं आहे, त्याला पाझराचं कौतुक सांगून चालणार नाही. आणि कालव्याच्या शेपटाला, इंदापूर तालुक्यात, पाण्याच्या आवर्तनाची वाट पाहणाऱ्यालाही वर गळून जाणारं पाणी आपल्या हक्काचं वाटतं. ते वाटणं रास्त आहे. उलट कालव्याला सिमेंटचं अस्तर करायचं म्हटलं की वरच्या गावांचे शेतकरी विरोधाला उभे राहतात, कारण त्यांच्या विहिरी त्याच पाझरावर भरतात. दोन्ही बाजूंचं म्हणणं पाण्याच्या हिशेबाचं आहे. काठाचं म्हणणं मांडायला या वादात कुणीच नसतं.

अळूचा काठ तीन गोष्टींनी नाहीसा होत चालला आहे, आणि त्यांतली अस्तर ही एकच गोष्ट मोठ्या निर्णयाची आहे. उरलेल्या दोन रोजच्या आहेत.

एक म्हणजे पोकलेन. 2014 च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं आणि ओढा खोलीकरण, रुंदीकरण हे शब्द गावोगाव पोचले. गाळ काढणं गरजेचं होतं, काही ठिकाणी विहिरींना त्याचा फायदाही झाला. पण यंत्राचं काम मीटरवर चालतं. ओढ्याचा तळ उकरताना दोन्ही काठ खरवडून उभे कापले जातात, कारण उभी कड मोजायला आणि बिल करायला सोपी. काठावरची शेवाळलेली माती, कंद, मुळ्या असं सगळं उचलून वर बांधावर ढिगाने टाकलं जातं आणि तिथे ते वाळतं. पुढच्या पावसात उघडी पडलेली कड ढासळते, गाळ पुन्हा तळाशी जातो, आणि दोन-चार वर्षांत खोलीकरणाची मागणी पुन्हा येते. उताराचा, झाडाझुडपांनी धरलेला काठ ठेवला असता तर हा खर्च लांबला असता. नदीनाल्यांवर काम करणाऱ्या कुणालाही हे नवं नाही.

दुसरी म्हणजे तणनाशक. ऊसपट्ट्यात टू-फोर-डीचा वापर सर्रास होतो, आणि हे औषध रुंद पानांच्या झाडांवरच काम करतं. ऊस तगतो, अळू करपतं. ते शेतात मारलं तरी वाऱ्याने कडेला जातं, आणि हल्ली तर पाटाची कड ‘साफ’ करायलाच पंप पाठीवर घेतला जातो. ग्लायफोसेटवर केंद्र सरकारने 2022 च्या ऑक्टोबरमध्ये निर्बंध घातले, फवारणी परवानाधारक कीटकनियंत्रकांकडूनच करावी असं ठरवलं. पाण्याकडेला मारलेलं औषध पाण्यातच उतरतं. ज्या पाटाचं पाणी जनावरं पितात, त्याच्या काठावर ते मारू नये हे सांगायला कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो खरा आहे. अळू काही दुर्मीळ झाड नव्हे. पुण्याच्या मंडईत बारा महिने जुड्या मिळतात. अमेरिकेत फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये तर ते नदीकाठी इतकं माजलं आहे, की तिथे त्याला उपद्रवी तण मानतात. मग त्याच्या काळजीचं कारण काय?

अळू नावाचं झाड जगेल, यात शंका नाही. प्रश्न अळूंचा आहे. भाजीचं अळू वेगळं, वडीचं वेगळं. हिरव्या-पांढरट देठाचं, जांभळ्या देठाचं, काळसर जाड पानाचं, खाजरं, बिनखाजरं. कुठल्या ओढ्याचं अळू घशाला लागतं आणि कुठल्या विहिरीकडचं लोण्यासारखं शिजतं, हे गावातल्या म्हाताऱ्या बायकांना ठाऊक असतं. बाजारात अळू घेताना प्रत्येक गिऱ्हाईक आधी तेच विचारतं, “मावशी, खाजणार नाही ना?” आणि उत्तर ठरलेलं असतं, “नाही ताई, घरचंच आहे.” या खाजेचं कारण पेशींमध्ये गठ्ठ्यांनी असलेले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. ते जाती-जातींत, जागे-जागेत कमीजास्त असतात. म्हणून तर अळू भरपूर वेळ उकळून शिजवायचं आणि त्यात चिंच, आमसूल किंवा आंबट चुका घालायचा, ही रीत बसली. चण्याची डाळ, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, गूळ घातलेलं अळूचं फदफदं हा लग्नाच्या पंगतीतला मानाचा पातळ पदार्थ होता, तो याच ज्ञानावर उभा होता. जागा गेली की त्या जागेचं वाण जातं, आणि वाणाबरोबर ते कसं शिजवायचं ही माहितीही जाते.

वाणांचा हा मुद्दा हौसेचा नाही, हे पॅसिफिक महासागरातल्या सामोआने शिकवलं. अळूचा कंद हे तिथलं मुख्य अन्न आणि मोठं निर्यातीचं पीक. शेतकरी बहुतेक ठिकाणी बाजारात चालणारं एकच वाण लावत होते. 1993 मध्ये पानांवर करपा आला, आणि वर्षभरात निर्यात जवळजवळ बंद पडली. सावरायला त्यांना बरीच वर्षं लागली, आणि ते सावरले ते आशियातल्या आणि पॅसिफिकमधल्या इतर वाणांशी संकर करूनच. म्हणजे जगात कुठेतरी, कुणाच्या तरी ओढ्याकाठी टिकून राहिलेलं अळू त्यांच्या कामी आलं. पापुआ न्यू गिनीतल्या कुक दलदलीत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या दगडी अवजारांवर अळूच्या पिठाचे कण सापडले आहेत. ती जागा 2008 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. इतकं जुनं अन्न आपल्याकडे पाटाकडेचं तण म्हणून फवारलं जातं, ही गोष्ट मनाला लागते.

आपल्याकडे संशोधन नाही असं नाही. तिरुअनंतपुरमला 1963 पासून कंदपिकांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने भाजीच्या अळूसाठी ‘कोकण हरितपर्णी’ हे वाण दिलं आहे. हे चांगलंच आहे. पण विद्यापीठाचं वाण काठाची जागा घेऊ शकत नाही. ते शेतात लावावं लागतं, त्याला सऱ्या लागतात, पाणी लागतं. ओढ्याकाठचं अळू कुणाचंच नसतं, म्हणून ते सगळ्यांचं असतं. ज्यांच्याकडे गुंठाभर जमीन नाही अशा बायका ते खुडून जुड्या बांधतात आणि आठवडे बाजारात बसतात. गौरी-गणपतीच्या आठवड्यात त्यांची चार पैशांची कमाई होते. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांच्या कालवणातही कडेचा पाला असतो. काठ खरवडला की हे उत्पन्न कुठल्याही नुकसानभरपाईच्या यादीत न येता नाहीसं होतं.

एक सावधगिरी मात्र घ्यायलाच हवी, आणि ती लपवून अळूची बाजू मांडणं अप्रामाणिक ठरेल. पालेभाज्या पाण्यातलं आणि मातीतलं जे काही असेल ते घेतात, जड धातूसुद्धा. शहरांत गटाराकडेचं अळू लोक घेत नाहीत ते योग्यच आहे. खेड्यात हा धोका नाही असं मानण्याचे दिवस गेले. ज्या ओढ्यात गावाचं सांडपाणी उघडं सोडलेलं आहे, कारखान्याची मळी किंवा रसायनमिश्रित पाणी उतरतं, त्या ओढ्याचं अळू खाऊ नये आणि विकूही नये. ज्या नदीकाठचं अळू खायची भीती वाटते, त्या नदीचं पाणी विहिरीत पाझरतं हे त्याच वेळी लक्षात यायला हवं. अळू सोडून दिल्याने ती भीती संपत नाही.

मग करायचं काय? सगळा कालवा मातीचाच ठेवा, असा हट्ट धरून इंदापूरच्या शेतकऱ्याला समजावता येणार नाही. जिथे गळती खरोखर मोठी आहे, भराव धोक्यात आहे, तिथे अस्तर होईल. भरावाच्या आतल्या बाजूची झुडपं पाटबंधारे खात्याला काढावी लागतात, कारण मुळांनी आणि उंदरांनी भगदाडं पडतात. तेही समजण्यासारखं आहे. पण भरावाच्या बाहेरच्या पायथ्याची, चाऱ्यांची आणि ओढ्यांची कड या कामात आपोआप ओढली जाते, तिथे थांबता येतं. ओढ्याचं खोलीकरण करताना किमान एक काठ हात न लावता सोडावा, आणि कापायचा तो काठ उताराने कापावा. पाण्यापासून काही फूट अंतरात तणनाशक नको, तिथे खुरपं आणि विळा पुरतो. साखर कारखान्यांचे शेतकी विभाग उसाच्या प्रत्येक प्लॉटपर्यंत पोचतात, लागणीच्या तारखा नोंदवतात, औषधांचा सल्ला देतात. तो सल्ला देताना काठ सोडून फवारा, एवढं एक वाक्य वाढवलं तर ते सरकारी परिपत्रकापेक्षा लवकर शेतात उतरेल. सोमेश्वर, माळेगाव आणि भवानीनगरचा छत्रपती, या तिन्ही कारखान्यांचे सभासद याच नीरेच्या पाण्यावर जगतात.

नोंदीसाठी नवा कायदा लागत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घालून राज्यांना दरमहा दंडाची तंबी दिली, तेव्हा देशभर नोंदवह्या घाईघाईने भरल्या गेल्या. घाईत भरलेल्या वहीत ‘अळू’ एवढंच लिहून भागवलं जातं. त्यापुढे कुठल्या ओढ्याचं, कुठल्या देठाचं, खाजरं की बिनखाजरं, कोण खुडतं, कधी खुडतं, पाणी कसलं, हे लिहायला हवं. सोमेश्वरनगरला मु. सा. काकडे महाविद्यालय आहे. तिथल्या मुलामुलींनी आपापल्या गावच्या आजीला सोबत घेऊन एका पावसाळ्यात हे काम केलं, तर परिसराच्या ओल्या काठांचा नकाशा तयार होईल. गेली काही वर्षं कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे टेबलावर मांडलेल्या प्रत्येक भाजीशेजारी ती कुठल्या जागेवरून आणली आणि ती जागा शाबूत आहे का, याची चिठ्ठी असावी.

हे सगळं पावसाळ्यातच व्हायला हवं, याला एक साधं कारण आहे. ओढ्यांची कामं एप्रिल-मे मध्ये निघतात, पाणी आटलेलं असतं तेव्हा. त्या वेळी ओढ्याकाठच्या अळूचं पान वाळून गेलेलं असतं आणि कंद जमिनीखाली असतो. पोकलेनवाल्याला समोर नुसती भेगाळलेली माती दिसते, मोजणी करणाऱ्या अभियंत्यालाही तेवढीच दिसते. श्रावण-भाद्रपदात त्या जागा पाहून, खुंट्या मारून, गट नंबरासह ग्रामसभेच्या ठरावात घातल्या, तर पुढच्या उन्हाळ्यातल्या कामाच्या अंदाजपत्रकात कुठला काठ सोडायचा हे आधीच लिहिलेलं असेल.